पोपटी ट्यूबमधली सवत

पाणी मंडळवाल्यांनो, दरवाजे तुम्ही उघडलेत. दुसऱ्या कुणी नाही. ऑक्टोबर अर्धा सरला होता, बटाटे निघाले होते, लसूणघासाची शेवटची कापणी आटपली होती, एकाही शेतकऱ्याला थेंबभर पाणी नको होतं, आणि तरी तुम्ही लॉटन धरणाचे दरवाजे उघडून जलाशय खाली ओढलात. भिंतीची डागडुजी होती म्हणे. असेल. पण काठावरच्या खांबाला एक कागद चिकटवायला तुमच्या बापाचं काय जात होतं? एवढंच लिहायचं होतं की पाणी उतरवतोय, आणि कुठवर उतरवणार. तेवढं लिहिलं असतंत तर त्या शनिवारी एका माणसाच्या तोंडून जे निघालं ते कदाचित पोटातच राहिलं असतं. तुम्ही म्हणाल, जीभ त्याची, आम्ही काय करणार. जीभ त्याचीच होती, कबूल. त्याचं तो भोगतोय. पण तळाशी झाकलेलं सगळं उघड्यावर आणायचं आणि मग खुर्चीत बसून हात झटकायचे, ही कुठली रीत?

त्या माणसाचं नाव व्हर्ल हॅडलॉक. शेतांना पाणी मारणाऱ्या लांबलचक पाइपांची दुरुस्ती हा त्याचा धंदा. साठी ओलांडलेला, खांद्यांनी रुंद, बोलण्यात आखडता. उन्हाळाभर तो दुसऱ्यांच्या शेतातल्या चिखलात असायचा. पानगळीत पाइप गोळा झाले की त्याचे शनिवार मोकळे व्हायचे, आणि ते शनिवार गेली कित्येक वर्षं एकाच माणसाच्या नावावर होते. आर्डेल पगमायरच्या. दोघं पाण्यात बसायच्या आपापल्या फुगवलेल्या ट्यूब ट्रकमध्ये टाकून लॉटनवर जायचे, दिवसभर पाण्यात तरंगत ट्राउट मासे धरायचे, सोडायचे, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचे. आर्डेलची बायको मार्वा गेली तेव्हा तो घरातून बाहेर पडेना. व्हर्लने त्याच्या दारात ट्रक उभा करून तो येईपर्यंत हॉर्न वाजवला होता. शेजाऱ्यांनी शिव्या घातल्या. आर्डेल आला. तेव्हापासून व्हर्लला वाटत होतं की हा माणूस त्याने स्वतः बुडताना बाहेर काढलाय, आणि बाहेर काढलेल्या वस्तूवर काढणाऱ्याचा थोडा तरी हक्क असतो.

आता आर्डेल शनिवारी नेडीन स्टोकरला घेऊन येत होता. शाळेची बस चालवणारी, विधवा, मोठ्याने हसणारी बाई. व्हर्लची पाठ धरल्यामुळे त्याचे लागोपाठ दोन शनिवार बुडाले, आणि त्या दोन शनिवारांत आर्डेल एकदाही घरी बसला नाही. व्हर्लला जास्त तेच लागलं होतं.

त्या सकाळी लारू, व्हर्लची बायको, हरणाच्या मांसाचं सॉसेज पावात भरत होती.

"दोन करू की तीन?"

"दोन. एक माझं, एक आर्डेलचं."

"आणि नेडीन काय, पाणी पिऊन राहणार?"

"ती तिचं आणेल."

लारूने सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघून खुदकन हसली. "व्हर्ल, तू ना, घरात सवत आल्यासारखा वागतोयस."

"काहीतरी बडबडू नकोस."

"बडबडणार. तुझ्या पणजोबांच्या घरात तिघी नांदल्या, एका चुलीवर. तुला एक शनिवार वाटून घेता येईना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पणजोबांना कुणाची परवानगी लागत नव्हती."

"पणजोबांचं सोड. पणज्यांना कुणी विचारलं होतं का? तू सध्या पणजीच्या जागेवर आहेस, एवढं लक्षात ठेव." आणि तिने मुकाट्याने तिसरं सँडविच बांधलं.

ते तिसरं सँडविच व्हर्लने वाटेत, गाडी चालवता चालवता, स्वतः खाऊन टाकलं. भूक नव्हती.

लॉटनवर पोचला आणि बघतच राहिला. होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार मध्येच संपला होता, आणि पुढे पाण्यापर्यंत भेगाळलेला काळा चिखल पसरला होता. काठाच्या डोंगरांवर जुन्या पाण्याच्या रेघा अंघोळीच्या टबाला राहतात तशा राहिल्या होत्या. वर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी पडून अर्धी उघडी झालेली, त्याच्याही वर शिखरांवर नवं बर्फ. वारा नव्हता.

"पाणी कुठं गेलं?" व्हर्ल ओरडला.

"मंडळाला विचार," आर्डेल खालून म्हणाला. "रोज थोडं थोडं नेतायत. आलास का शेवटी? पाठ काय म्हणते?"

हे तो व्हर्लकडे न बघता म्हणाला, कारण तो एका गुडघ्यावर बसून नेडीनच्या पायातला, पाणी मारायचा रबरी पंजा आवळत होता. व्हर्लने तो गुडघा ओळखला. मागच्या हिवाळ्यात व्हर्लच्या ट्रकचं चाक बर्फात पंक्चर झालं तेव्हा हाच गुडघा वाकत नव्हता. आर्डेल शेजारी उभा राहून नुसत्या सूचना देत होता. आज तोच गुडघा चिखलात खुशाल टेकला होता, जणू नवा बसवून आणलाय.

"नमस्कार, सिस्टर स्टोकर," व्हर्ल म्हणाला.

"नेडीन म्हण रे बाबा! रविवारी चर्चमध्ये सिस्टर. इतर वारी मी कुणाची बहीण नाही."

"त्याला वेळ लागतो," आर्डेल म्हणाला. "मला हा किती वर्षं मिस्टर पगमायर म्हणत होता. मी त्याचा तंबू जाळला तेव्हा कुठे आर्डेल झालो."

नेडीन हसली. तिचं हसणं पाण्यावरून पलीकडे गेलं, डोंगराला लागलं आणि परत आलं. व्हर्लला ते दोनदा ऐकावं लागलं.

तिची ट्यूब नवीकोरी होती, पोपटी रंगाची. त्या दोघांच्या ट्यूब मातकट, ठिगळं लावलेल्या, ट्रकच्या टायरच्या जातीच्या. मध्ये कापडाची बैठक, तिच्यात बसायचं, छातीपर्यंतची रबरी विजार घातलेले पाय खाली पाण्यात सोडायचे. आर्डेलने थर्मास काढला. त्या थर्मासला दोन झाकणं होती, बाहेरचं मोठं आणि आतलं छोटं. मोठ्यात आर्डेल गरम चॉकलेट प्यायचा आणि छोटं व्हर्लचं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच होतं. आर्डेलने छोटं झाकण भरलं आणि नेडीनच्या हातात दिलं.

"व्हर्ल, आपण दोघं या एकातच घेऊ."

"मला नको. जड होतं."

"चॉकलेट? तुला?"

"पाठीमुळे."

"पाठीचा आणि चॉकलेटचा काय संबंध?" नेडीनने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. व्हर्लची नजर तिच्या काठीच्या टोकाला लटकणाऱ्या गळावर गेली होती. काळ्या लोकरीची, मध्ये लालसर धागा घातलेली खोटी जळू. ती व्हर्लने बांधलेली होती. हिवाळ्यात रात्री जेवणाच्या टेबलावर, डोळ्यांवर भिंग चढवून, आर्डेलसाठी.

"ही कुठली?"

"आर्डेलने दिली. यावर सगळ्यात चांगले लागतात म्हणे."

"म्हणे," व्हर्ल म्हणाला.

पंजे चढवले की माणसाला पुढे चालता येत नाही, म्हणून पाण्यात उलटंच शिरावं लागतं. तिघं पाठमोरे, एकमेकांचे दंड धरून चिखलातून मागे मागे गेले. आर्डेलने एका हाताने नेडीनला धरलं होतं, दुसऱ्याने व्हर्लला, आणि व्हर्लच्या लक्षात आलं की तिचा दंड त्याने आवळून धरलाय आणि आपला नुसता धरलाय. हे असलं काही लक्षात यावं याचा त्याला स्वतःचाच राग आला. राग आला म्हणून लक्ष जायचं थांबलं नाही.

मग सुरू झाला तो लांबलचक, संथ दिवस. पानगळीत ट्राउट घाईत नसतात. काळी जळू लांब टाकायची, दोर खोल बुडू द्यायचा, आणि मग पंजे हळूहळू मारत मागे सरकायचं, म्हणजे जळू आपल्या मागोमाग तळाजवळून पोहत येते. ट्यूबमधला माणूस नेहमी पाठमोरा जातो. कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. कुठून आलो तेवढंच दिसत राहतं. व्हर्लला दिवसभर तेच दिसत होतं: दूर मातकट ट्यूब, तिच्या शेजारी पोपटी ट्यूब, आणि दोघींमध्ये एवढंसं पाणी.

पाण्यावर आवाज लांब जातो. हे काठावर राहणाऱ्यांना कळत नाही.

"आला! आर्डेल, आला! अरे हा पळतोय!"

"पळू दे. काठी वर धर. वर, वर, आभाळाकडे. शाब्बास. आता काही करू नकोस."

"काही न करणं मला जमत नाही!"

"ते सगळ्या गावाला माहितीये."

पुन्हा ते हसणं, पुन्हा डोंगर. आणि नेमकं तेव्हा व्हर्लच्या दोराला झटका बसला, चांगला, वजनदार, मनगटापर्यंत आलेला. पण त्याचे कान तिकडे होते. तो जागा होईस्तोवर दोर सैल पडला होता. मासा गेला. "माझा मासा घालवला हिने," व्हर्ल तोंडातल्या तोंडात म्हणाला. ती दगड फेकला तरी पोचणार नाही इतकी लांब होती.

दुपारपर्यंत तिने पाच-सहा काढले आणि सोडले. व्हर्लने एकही नाही. रबरी विजारीतून थंडी आत झिरपायला लागली, आधी पोटऱ्या, मग मांड्या. पाणकोंबड्यांचा थवा त्याच्यापासून बाजूला होऊन त्या दोघांकडे गेला. कोंबड्यासुद्धा, त्याच्या मनात आलं.

थोड्या वेळाने पोपटी ट्यूब काठाच्या पुढे आलेल्या टोकामागे कुठेतरी गेली आणि आर्डेल एकटा राहिला. त्याची पाठ धरणाकडे, तोंड व्हर्लकडे. त्याचे ओठ हलत होते.

व्हर्लला ते ओठ माहीत होते. मार्वा गेली त्या पानगळीत, दाट धुक्यात, व्हर्लची ट्यूब आर्डेलजवळ सरकली होती आणि त्याला ऐकू आलं होतं: "हा बघ, मार्वा. पोटाला कसा गुलाबी आहे. तुला आवडला असता." व्हर्लला आधी वाटलं आपल्याशीच बोलतोय. मग धुकं फाटलं, दोघांची नजर भेटली, आणि आर्डेल म्हणाला, "व्हर्ल, हे कुठे बोलू नकोस." व्हर्ल म्हणाला, "काय कुठे बोलू नको?" बस. तेवढ्यावर ते मिटलं. व्हर्लने ते लारूलाही सांगितलं नव्हतं. आर्डेल दर शनिवारी मार्वाला सगळं सांगायचा, मुलीचा फोन आला, छप्पर गळतंय, आणि व्हर्ल थोडा लांब राहून त्याला बोलू द्यायचा. त्याला त्याचा अभिमान होता. अख्ख्या जगात हे एकट्याला माहीत असल्याचा.

आणि दुसरंही एक होतं दोघांचं. त्याला ते फडताळ म्हणायचे. धरण व्हायच्या आधी या खोऱ्यात एक शेत होतं, आणि त्या शेतातला झरा अजून तळाशी वाहत होता. बाकीचं पाणी गार पडलं की त्या झऱ्यापाशी मासे गोळा व्हायचे. वरून काही दिसायचं नाही. खुणा काठावर होत्या: उत्तरेचा एकटा ज्युनिपर वृक्ष डोंगराच्या खाचेच्या बरोबर खाली यायला हवा आणि धरणावरचं पांढरं घर डाव्या खांद्याच्या रेषेत. मार्वालाही ते माहीत नव्हतं, लारूलाही नाही. तिथे वर्षातून एकदा जायचं, पानगळीत, दोघांनी मिळून, एकेक मासा घ्यायचा आणि फडताळ लावून टाकायचं.

व्हर्लने ठरवलं, आज आपण एकटंच जायचं. आर्डेलला कळू दे. संध्याकाळी काठावर तो विचारेल, कुठे होतास? आणि आपण म्हणायचं, फडताळात. मग त्याचं तोंड बघायचं.

तो बराच वेळ पाय मारत गेला. मांड्या भरून आल्या. डोळे खुणांवर होते: ज्युनिपर खाचेकडे सरकत होता, अजून थोडा, अजून थोडा, पांढरं घर खांद्यावर आलं, आता ज्युनिपर बरोबर खाचेखाली...

धप्पकन त्याची पाठ कशावर तरी आदळली.

"अगं बाई!" मागून आवाज आला. "गाडी मागे घेताना हॉर्न तरी वाजवावा माणसाने!"

व्हर्ल पंजे मारून गरकन वळला. पोपटी ट्यूब. नेमकी फडताळावर, इंचभरही इकडे-तिकडे नाही. नेडीनची काठी मांडीवर आडवी पडलेली, एक हात कोपरापर्यंत पाण्यात. मासा सोडत असणार. त्याच्या डोक्यात एकदम सगळं शांत झालं. शोधत होतो ते सापडलं की होतं तसं.

"इथे कशी आलीस तू?"

"पाय मारत. तू कसा आलास?"

"ही जागा तुला कुणी दाखवली?"

"कुणी म्हणजे? दिसली म्हणून आले."

"दिसली!" व्हर्ल हसला. ते हसणं त्याचं त्यालाच ओळखू आलं नाही. "एवढ्या मोठ्या जलाशयात तुला हीच दिसली. त्याने दिलं तुला हेही. माझं झाकण दिलं, माझी जळू दिली, आता हेही दिलं."

नेडीनचं हसू मावळलं. "व्हर्ल, झालंय काय तुला? कसलं झाकण?"

"तुला काय वाटतं, तू आलीस आणि आर्डेल तुझा झाला? त्याची मार्वा आहे."

"माहितीये मला. त्याचं मार्वाशी चर्चच्या मंदिरात लागलंय, मेल्यावरही न तुटणारं, आणि माझं माझ्या नवऱ्याशी, ग्लेडशी. वर गेल्यावर तो तिचा, मी ग्लेडची. हे आम्ही पहिल्याच दिवशी बोलून घेतलंय. वरचं वर. खाली चार दिवस उरलेत ते तरी हसत घालवू की नको?"

ती हे इतकं सरळ म्हणाली की व्हर्लला बोलायला काही उरलं नाही. तिथेच थांबला असता तर बरं होतं. पण माणसाला काही उरत नाही तेव्हाच तो झाकून ठेवलेलं काढतो.

"वर कशाला? इथेच आहे ती. या पाण्यावर. तो बोलतो तिच्याशी, मोठ्याने. दर शनिवारी. आजही बोलला, तू टोकामागे गेलीस की लगेच. मी ऐकत आलोय इतकी वर्षं. तुला तो जे जे सांगतो ना, ते आधी तिला सांगून झालेलं असतं. तुला मिळतं ते उष्टं."

शेवटचा शब्द पाण्यावर तसाच राहिला.

नेडीनने पाण्यातला हात बाहेर काढला. हात रिकामा होता. मासा नव्हताच. तिने तो विजारीला पुसला, मग एकदा पंजे मारले, आणि पोपटी ट्यूब बाजूला झाली. ट्यूबच्या आड जे लपलं होतं ते व्हर्लला दिसलं: पाण्याच्या वर हातभर आलेला घडीव दगडांचा कोपरा, शेवाळाने काळा, त्यात लाकडी चौकटीचा कुजका तुकडा. व्हर्लने जन्मात तो पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. आता लॉटनवर येणाऱ्या कुणालाही तो दिसला असता, त्या टोकापासून दिसला असता, इकडे तोंड करून येणाऱ्या कुणालाही.

"आजीचं दुधाचं घर," नेडीन म्हणाली. तिचा आवाज हळू झाला होता. "मी माहेरची टिंगी. हे शेत आमचं होतं. झऱ्यावर दगडी खोली बांधलेली होती, तिच्यात दुधाच्या बरण्या गार राहायच्या, आजी मरेपर्यंत सांगायची. मी सकाळी लांबून दगड बघितला आणि आर्डेलला विचारलं, तिकडे काय आहे? तो म्हणाला, काही नाही, गाळ आहे, पाय अडकतील, जाऊ नकोस. मासे आहेत का? म्हणाला, एकही नाही. खोटं बोलला माझ्याशी. मला आत्ता कळतंय कुणासाठी."

व्हर्लने दगडाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मार्वाचं मी समजू शकते," नेडीन म्हणाली. "ती बायको होती. तुझं काय समजायचं, व्हर्ल?"

आणि ती पाय मारत निघाली. पाठमोरी निघाल्यामुळे तिला सगळा वेळ त्याच्याकडे तोंड करून जावं लागलं. तिने मान फिरवली नाही. लहान लहान होत जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्यापासून नजर लपवायला त्या उघड्या पाण्यावर काहीही नव्हतं.

वारा सुटला. पाण्यावर सुरकुत्या आल्या, आणि आता आवाज येईना. व्हर्लने लांबून बघितलं: पोपटी ट्यूब मातकट ट्यूबला लागली. बराच वेळ दोन्ही एकत्र होत्या. व्हर्लने कान ताणले, टोपी काढली, श्वास धरला. काही नाही. दिवसभर नको नको ते ऐकू आलं, आणि आता जे ऐकायचं होतं ते वाऱ्याने नेलं. मग पोपटी ट्यूब सुटली आणि काठाकडे गेली. नेडीन चिखलातून वर चढताना दिसली, ट्यूब पाठीवर घेऊन, कासवासारखी. कुणी तिचा दंड धरायला नव्हतं.

व्हर्लच्या खाली ट्राउट असणार, फडताळ भरलेलं असणार. त्याने काठीला हात लावला नाही.

मातकट ट्यूब काठाकडे वळली नाही. ती त्याच्याकडे यायला लागली. आर्डेल पाठमोरा येत होता, टोपीखालची पिकली मान, वर-खाली होणारे खांदे. त्याला खूप वेळ लागला. आणि त्या सगळ्या वेळात, लाजेने कानशिलं तापलेली असताना, व्हर्लच्या छातीत एक छोटीशी हलकट गोष्ट उड्या मारत होती: तिच्या मागे गेला नाही. माझ्याकडे आला. तिला काठावर सोडलं आणि एवढ्या वाऱ्यात, एवढं लांब, माझ्याकडे आला. त्याने ती दाबायचा प्रयत्न केला. ती दबली नाही.

आर्डेल हाताच्या अंतरावर थांबला आणि हळूच वळला. दगडाकडे त्याने एकदाच बघितलं. डोळे लाल होते, वाऱ्याने किंवा आणखी कशाने. तो ओरडला नाही. ओरडला असता तर व्हर्ललाही ओरडता आलं असतं.

"ती म्हणाली, मार्वाशी बोलतोस त्याचं मला काही नाही," आर्डेल म्हणाला. "मीही ग्लेडला शिव्या घालते म्हणाली, बस धुताना. पण ते तुझ्याकडून कळायला हवं होतं, व्हर्लकडून नको. आणि तो शब्द नको. मला शब्द सांगितला नाही तिने. कुठला होता?"

व्हर्ल ट्यूबवरचं ठिगळ नखाने खरवडत राहिला.

"राहू दे. गाडीत बसलीये. थांबेल का जाईल, मला माहीत नाही."

"आर्डेल, मला वाटलं तू तिला ही जागा..."

"जागेचं नको सांगूस." आर्डेलने हात पुढे करून व्हर्लच्या ट्यूबचा पट्टा धरला, वाऱ्याने दोघं लांब जाऊ नयेत म्हणून. "मार्वा गेली तेव्हा तू दारात येऊन हॉर्न वाजवलास. ते मी विसरलेलो नाही. पण दोन वर्षं मी एक बघतोय. माझा दिवस वाईट गेला की तू खूश असतोस. वाईट माणूस नाहीस तू, पण खूश असतोस. चॉकलेट जास्त पितोस. आणि मी कधी हसलो की तुझी पाठ दुखते. म्हणून विचारतो, आणि पाइपांचं, पाठीचं, माशांचं काही मधे आणू नकोस. मी त्या घरात पुन्हा एकटा बसलो, पडदे लावून, आधी बसायचो तसा, तर तुला बरं वाटेल का? हो की नाही? इकडे बघ, व्हर्ल. हो की नाही?"